डावा वेढा

"पदर झटका," दौलू म्हणाला.

बागेच्या फाटकात आम्ही तिघी उभ्या होतो. मी, बायजा आणि कोंडाकाकी. अंबाबाईचं देऊळ दुपारी बारा ते चार बंद असे, आणि तेवढाच आमचा दिवसातला मोकळा वेळ. फाल्गुन लागून चार दिवस झाले होते. फाटकाच्या आत काटेसावर लाल होऊन उभी होती, अंगावर एक पान नाही.

"आत जाताना कसली रे झडती?" कोंडाकाकी म्हणाली. "आत जाताना आमच्यापाशी काय असणार? भाईर पडताना घे की."

"भाईर पडताना पण घेणार. सायबाचा हुकूम हाय. फुलवाल्या बायांचा पदर दोनदा झटकायचा."

"मग तिसऱ्यांदा तुझ्या आईचा झटक," काकी म्हणाली, आणि तिनं पदर असा फडकावला की त्यातली तंबाखूची धूळ दौलूच्या डोळ्यांत गेली. तो डोळे चोळत बसला. बायजा खदखदून हसली.

मी हसले नाही. मी बायजाच्या पिशवीकडं बघत होते. पिशवीच्या तोंडाशी ओल्या फडक्याची घडी दिसत होती. फुलवालीच्या पिशवीत ओलं फडकं एकाच कामाला असतं. तोडलेली फुलं त्यात गुंडाळली की कोमेजत नाहीत. बागेत नुसतं फिरायला निघालेल्या बाईला ते कशाला लागावं?

फाटकाला लागूनच दौलूची खोली होती. उंबऱ्यात त्याची बायको शालन लसूण सोलत होती. मला बघून ती म्हणाली, "हरणाक्का, आज हिकडं कुठं?"

"फुलं बघायला."

"बघा की. बघायला कोण न्हाई म्हणतंय." ती उठली, सुपातला लसूण घेऊन आत गेली आणि दार लोटून घेतलं.

आम्ही तिघी देवळाच्या पायऱ्यांवर हार-गजरे विकत होतो. पहिल्या पायरीला कोंडाकाकी, दुसरीला बायजा, तिसरीला मी. माझी पायरी सासूची. सासू गेली, मग नवरा गेला, आणि मला दोन मुली आणि ती हातभर जागा एवढंच उरलं. पायऱ्या नगरपालिकेच्या ताब्यातल्या होत्या. पालिकेनं ऊठ म्हटलं की उठायचं.

आणि त्या आठवड्यात पालिकेनं तेच म्हटलं होतं. बागेत विहिरीच्या भिंतीलगत मोगऱ्याचा ताटवा होता. बाजारात मोगरा चैत्राशिवाय येत नाही, पण हा आडोशाला, उन्हाच्या तोंडाला असल्यानं फाल्गुनातच कळ्या धरी. फुलांचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं आणि रोज पहाटे कळ्या नाहीशा होत होत्या. मोगऱ्याचा चोर म्हटल्यावर सगळ्यांची बोटं आमच्याकडं वळली. शिपाई पायऱ्यांवर येऊन सांगून गेला, "शनवारपर्यंत चोर कोण ते सांगा. न्हाईतर तिघीबी उठायचं."

दौलू बागेचा रखवालदार. त्यानं वर आणखी सांगितलं होतं की भिंतीखाली गजऱ्याचा एक तुकडा सापडलाय, आणि बागेच्या साहेबांनी तो जपून ठेवलाय.

ते ऐकल्यापासून माझी झोप उडाली होती. लोकांना सगळे गजरे सारखे दिसतात. ते तसे नसतात. फुलांची जोडी बोटांत धरायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्याचा वेढा द्यायचा आणि तो वेढा स्वतःच्याच खालून ओढून घ्यायचा, एवढंच काम. पण कुणी घट्ट ओढतं, कुणी सैल; कुणी दोन फुलं घेतं, कुणी तीन. आम्हाला अक्षर कळत नव्हतं, गाठ कळत होती. त्या तुकड्यावर कुणाचा तरी हात होताच.

कुणाचा, याचा अंदाज मी मनाशी बांधत आणला होता. सोमवारी बायजाच्या टोपलीत ओंजळभर मोगरा होता. मी विचारलं तर म्हणाली, "भावाच्या विहिरीवरचा हाय." मंगळवारी दुपारी मी तिला बागेच्या फाटकातून बाहेर पडताना पाहिलं. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "दुपारी कुठं गं गेलीस?" ती म्हणाली, "दळण आणाया." तोंडावर खोटं बोलली. बारा वर्षं माझ्या शेजारी बसणारी बाई.

आणि काकीला ही बागेची हौस नेमकी याच आठवड्यात का यावी? बुधवारी संध्याकाळी टोपल्या आवरताना ती म्हणाली होती, "जन्म गेला फुलांत. झाडावरचं फूल कधी बघितलं न्हाई. उद्या दुपारी तिघी जाऊ." बायजा लगेच 'व्हय' म्हणाली. इतकी लगेच, की दोघींचं आधीच ठरलं असावं.

तर आम्ही आत गेलो.

वाटेवर सावरीची फुलं पडली होती, फुलपात्राएवढाली. काकीनं एक उचललं, हातावर तोललं. "दोन फुलांत देव झाकंल. पर हाराला वंगाळ. आठ माणसं लागतील उचलाया."

पुढं रंगीत फुलांचे वाफे होते. परदेशी बियांचे, निळे, जांभळे, पांढरे. आम्हाला त्यांची नावं ठाऊक नव्हती. बायजानं वाकून वास घेतला. "कायबी वास न्हाई, काकी. नुसतीच नटलीयात."

"सायबाची बायकू बघितलीस न्हवं? तिनंच लावली असतील."

वाफ्याच्या कडेला पांढरी पाटी होती, तीवर काळी अक्षरं. काकीनं विचारलं, "काय लिवलंय गं?"

आमच्यात कुणालाच वाचता येत नव्हतं. बायजा पाटीसमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि मास्तरासारखा घसा खाकरून म्हणाली, "लिवलंय, कोंडाबाईनं हितं थुकू नये."

"आणि त्याच्याखाली?"

"खाली सायबाचा अंगठा."

काकी हसता हसता बसली. मलाही हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येईतो आटलं. एवढी हसतेय ती कशाच्या जिवावर, असं मनात आलं. परवा आपण तिघी रस्त्यावर येणार, आणि हिला पाटी सुचतेय.

गुलाबाच्या झाडापाशी काकी बराच वेळ थांबली. साठी ओलांडलेली बाई. पोत्यातून ओतलेला गुलाब तिनं जन्मभर विकला होता. तिनं फुलाला हात लावला नाही. देठाला लावला, काटा चुकवून, वरून खालपर्यंत. "असं हुभं असतंय व्हय हे," ती म्हणाली. 

मी मात्र बायजाच्या हातांकडं बघत होते. बायजा डावखुरी. जेवताना तेवढा उजवा हात, बाकी केर काढायचा, पाणी ओतायचं, सगळं डाव्यानं. मोगऱ्याच्या ताटव्यापाशी आलो तशी ती खाली बसली. तिचा डावा हात पानांत गेला. एक कळी तिनं दोन बोटांत धरली.



तिनं कळी सोडली. "ही उद्याच्याला फुलंल," ती म्हणाली.

हिला कसं ठाऊक, कुठली कळी उद्या फुलते, मी मनात म्हटलं. खरं तर ते मलाही ठाऊक होतं. फुलं विकणाऱ्या कुठल्याही बाईला कळीच्या टोकावरून ते कळतं. पण त्या दुपारी माझ्या मनाला एकच काम होतं.

"हरणाबाई!" मागून दौलूची हाक आली. "सायेब बोलावत्यात."

काकी उठली. "चल, आम्ही बी येतो."

"एकटीला," दौलू म्हणाला.

काकी आणि बायजानं एकमेकींकडं पाहिलं. ते मला दिसलं. काकी म्हणाली, "जा. पर नीट बोल." मला त्यात धमकी ऐकू आली.

वाटेत दौलू हळू आवाजात म्हणाला, "आक्का, तुझ्या पोरींकडं बघून सांगतो. त्या दोघी येऊन गेल्यात हितं. एकेकटीनं. त्यांनी सायबाला काय सांगायचं ते सांगितलंय."

"काय सांगितलं?"

"ते मी कसं बोलू? पर आता तू येडी ठरू नगस."

मंगळवारी बायजा फाटकातून का बाहेर पडली, ते मला आता कळलं असं वाटलं. ती माझं नाव सांगून आली होती. काकीही. आणि आज दोघी मला हाताला धरून इथं घेऊन आल्या होत्या, पकडून द्यायला. 

साहेबांच्या खोलीत टेबल होतं, भिंतीवर देवीची तसबीर होती. मोगऱ्याचा वास भरून राहिला होता. साहेबांनी खणातून कागदाची पुडी काढली, उलगडली. आत वीतभर गजरा. फुलं वाळून तांबडी झालेली.

"ही गाठ कोणाची?" ते म्हणाले. "तुम्ही लोक ओळखता म्हणे."

मी तुकडा हातात घेतला. दोनच फुलांची जोडी, ओढ बेताची. आणि वेढा डावीकडून गेलेला.

माझा, काकीचा वेढा उजवीकडून जातो. काकीनं शेजारी बसवून तसाच शिकवला. उजव्या हातानं तो तसाच जातो. हा डावा होता. डाव्या हाताचा.

"बोल," साहेब म्हणाले. "त्या दोघींनी तोंड उघडलंय. तू गप्प राहिलीस तर मी काय समजायचं?"

मला माझ्या दोन मुली दिसल्या. तिसरी पायरी दिसली. मी म्हणाले, "बायजासारखी वाटती."

"वाटते की आहे?"

"ती डावखुरी हाय. वेढा डावा हाय."

साहेब लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. मी बोलले होते त्यापेक्षा ते जास्त वाटलं, पण लिहिताना जास्तच लागत असेल असं मी समजले. मग त्यांनी शाईची डबी पुढं सरकवली.

"हे काय?"

"तू सांगितलंस त्याचाच कागद. बाकी काही नाही."

मी अंगठा दिला. दौलूनं बोट पुसायला चिंधी दिली. बाहेर येता येता तो म्हणाला, "तिसरी पायरी तुझीच ऱ्हाईल. मी सायबाला सांगून ठेवलंय."

काकी आणि बायजा बकुळीखाली बसल्या होत्या. काकीनं भाकरी सोडली होती, वर लसणाची चटणी आणि कांदा. माझ्या वाटणीची चतकोर बाजूला झाकून ठेवली होती. बायजानं पिशवीतून ओलं फडकं काढलं आणि उलगडलं.

आत विड्याची पानं होती. काकीच्या. काकीला दात नव्हते, पान कोवळं लागे, ते वाळू नये म्हणून बायजा रोज तिच्यासाठी ओल्या फडक्यात आणायची. रोज. मी ते रोज बघत होते.

"सांगितलंस न्हवं?" काकीनं विचारलं.

"काय?"

"हेच, की ही गाठ आमच्यातली न्हवं म्हणून." तिनं आवाज खाली केला. "मला सोमवारी बोलावलं हुतं. हिला मंगळवारी. मी सांगितलं, सायेब, तिघींना मीच शिकीवलंय, ही आमची गाठ न्हाई. हिनं बी तेच सांगितलं. तुला बोलले न्हाई, तू लई भितीस, रात्रभर झोपली नसतीस. म्हनून म्हटलं, तुला एकटीला बोलवायच्या आत तिघी मिळून जाऊ, फुलंबी बघू आणि सायबापुढं हुभ्या ऱ्हाऊ. तर मेल्यानं आधीच गाठलं तुला."

बायजा माझ्याकडं बघून म्हणाली, "दळणाचं खोटं बोलले बघ परवा तुझ्याशी. काकीनं शपथ घातली हुती. राग मानू नगस."

"काय बोललीस तू सायबाला?" काकी म्हणाली.

"तेच," मी म्हणाले. "आमच्यातली न्हवं म्हणाले."

काकीनं माझ्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

बकुळीची फुलं गवतावर गळून पडली होती. पडलेली फुलं वेचायला बंदी नव्हती. बायजानं मूठभर वेचली, कमरेचा सोपटाचा दोरा काढला आणि बांधायला लागली. "काकी, आंबाडा कर. बागेत आलीस तर बागेचं फूल घालून जा."

मी तिच्या हातांकडं बघितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं.

फुलं डाव्या हातात होती. दोरा उजव्या. वेढा उजवीकडून जात होता.

"बायजे," मी म्हणाले, "तू डावखुरी ना गं?"

"मग? आताच कळलं व्हय तुला?"

"मग बांधतीस उजव्यानं?"

काकी म्हणाली, "न्हाई तर काय! डाव्या हातानं देवाचं फूल बांधू दिलं असतं व्हय मी? म्हैनाभर हिचा डावा हात पदरानं कमरंला बांधून ठेवला हुता. तवा आला उजवा. रडायची, डोळ्यातनं पानी गळायचं फुलांवर."

"मी म्हनायची, तेवढंच शिंपायला नगं," बायजा म्हणाली, आणि बकुळीचा गजरा तिनं काकीच्या पांढऱ्या अंबाड्यावर माळला.

मी भाकरी खाली ठेवली. मी उठले. "मी आले," म्हणाले आणि साहेबांच्या खोलीकडं धावले. दाराला कुलूप होतं. खिडकी उघडी होती. आत देवीच्या तसबिरीला मोगऱ्याचा हार होता. ताजा. मघाशी मी त्या खोलीत उभी होते, वास घेत होते, आणि हातातल्या तुकड्याचाच वास समजत होते. वाळलेल्या मोगऱ्याला वास कुठून येणार?

मी खिडकीच्या गजांना तोंड लावून बघितलं. हाराचा वेढा डावा होता.

फाटकापाशी आले. दौलूच्या खोलीचं दार वाऱ्यानं अर्धं उघडलं होतं. शालन आत पाठमोरी बसली होती, पुढ्यात ओलं फडकं, त्यावर पांढऱ्या कळ्या. तिचे हात चालू होते. वेढा डावीकडून.

मार्गशीर्षातले चारही गुरुवार शालन देवळात यायची. पूजा झाली की माझ्या खालच्या पायरीवर बसायची, माझ्याकडं तोंड करून. म्हणायची, आक्का, मला बी शिकवा की. मी शिकवलं. काकीनं आम्हाला शेजारी बसवून शिकवलं होतं. ही समोर बसून शिकली. समोर बसून शिकलं की हातात उलटं उतरतं, आरशात बघावं तसं. माझा उजवा तिचा डावा झाला. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं होतं. मी हसून म्हणाले होते, असू दे, देवाला चालतं.

ती गाठ माझीच होती. पलीकडून बघितलेली.

"काय बघतीस आक्का?" दौलू मागं उभा होता.

"सायेब कुठं गेलं?"

"नगरपालिकेत. कागद द्यायला."

"माझी चूक झाली. ती गाठ बायजाची न्हाई."

"मग कुणाची?"

तो शांतपणे बघत होता. दारातून शालनही बघत होती. मी बोलले नाही.

"अंगठा दिलायस," दौलू म्हणाला. "तिसरी पायरी ऱ्हाईली तुझी. घरी जा." मग मागून येणाऱ्या दोघींकडं बघून ओरडला, "चला, पदर झटका!"

काकीनं आणि बायजानं पदर झटकले. काहीच पडलं नाही. मी झटकला, तेव्हा माझ्या अंगठ्यावर उरलेली शाई पदराला लागली. बायजानं ती बघितली असावी. 

शनिवारी सकाळी पालिकेचा कारकून दोन शिपाई घेऊन आला. पायऱ्यांवर गर्दी होती. त्यानं मोठ्यानं वाचलं:

"मी, हरणाबाई सखाराम फुलारी, विचारल्यावरून सांगते की, बायजाबाई केरू लवटे हिला बागेतील मोगऱ्याच्या कळ्या तोडताना मी स्वतः डोळ्यांनी पाहिले आहे. सदरचा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे."

 बायजा माझ्याकडं वळली.

"हरणे, तू बघितलंस?"

"न्हाई," मी म्हणाले. "मी बघितलं न्हाई. मी नुसतं गाठ म्हणाले."

कारकुनानं कागद माझ्यापुढं धरला. "हा अंगठा तुझाच ना?"

"व्हय. पर मला वाचून दाखवलं न्हाई."

"तसं कसं? लिहिलंय इथं, वाचून दाखवला म्हणून."

गर्दीत कुणी तरी हसलं. काकी उठून कारकुनाच्या अंगावर गेली, "मी शिकीवलंय तिला, मला इचार," म्हणून ओरडली. शिपायांनी तिला धरून खाली बसवलं. शालनचं नाव माझ्या जिभेवर होतं. दौलू गर्दीच्या कडेला उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं, माझ्या पायरीकडं बघितलं, आणि ते नाव गिळलं.

बायजानं टोपली उचलली. केरसुणी घेऊन आपली जागा झाडली, कोपऱ्यातला पाकळ्यांचा कचरा भरून घेतला, मगच खाली उतरली. जाताना विड्याची पानं काकीपुढं ठेवली. माझ्याकडं बघितलं नाही.

सोमवारी दुसऱ्या पायरीवर शालन येऊन बसली. तेव्हा मला सगळं कळलं. जागाच हवी होती. मोगरा नुसता निमित्ताला.

त्या बाईच्या शेजारी मी अठरा वर्षं बसले. तिच्या डाव्या वेढ्याला डोळ्यांसमोर धरून मी हार विकले, त्याच पायरीच्या जिवावर माझ्या दोन्ही मुलींची लग्नं केली. काकी पुढच्या पावसाळ्यात गेली. त्या शनिवारापासून ती माझ्याशी बोलली नव्हती. माझ्या हातचं पाणीही तिनं घेतलं नाही.

बायजा भावाच्या गावी गेली. दोन वर्षांनी मी एकदा तिकडं गेले. विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याकडेला मोगऱ्याचा ताटवा होता, ऐन फाल्गुनात कळ्यांनी भरलेला. बायजानं मला पाणी दिलं. बसायला पोतं टाकलं. आणि एवढंच विचारलं, "शेवटी शेवटी काकीला पानं कोण आणायचं?"



पन्नाशीत मी साक्षरतेच्या वर्गाला जाऊन बसले. दोन वर्षं लागली. वाचता यायला लागलं तशी नगरपालिकेत गेले आणि तो कागद मागितला. तिथल्या मुलीनं शोधलं, मग सांगितलं, "आजी, इतके जुने कागद ठेवत नाहीत. केव्हाच रद्दीत गेले असतील." म्हणजे त्यावरचं खोडायलाही तो उरला नव्हता.

म्हणून हा दुसरा कागद. दौलू आता नाही, शालनही नाही. मोगरा शालननं बांधला, दौलूनं तोडला, आणि हे मला त्याच दुपारी कळलं होतं. शनिवारी पायऱ्यांवर उभी असताना ठाऊक असून मी बोलले नाही. हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं आहे.

बायजा ऐंशीची झाली. तिला दिसत नाही असं ऐकते. तिची नात शाळेत शिकवते. तिच्या हातात हे पडलं तर तिनं ते आजीला वाचून दाखवावं. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे की नाही, ते बायजानं सांगावं. खाली अंगठा नाही. मी सही केली आहे.

हरणाबाई सखाराम फुलारी